दोन टिचक्या

नवे नियम आले की ते मी मोठ्याने वाचायचे आणि फर्गसने टोस्टवर मार्मलेड लावत ऐकायचे, ही आमच्या तारावीन उड्डाण शाळेची जुनी रीत. शाळा म्हणजे काय, तर एक गवताची धावपट्टी, पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन आसनांचं एक विमान, खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा आणि आमचं स्वयंपाकघर. या स्वयंपाकघराला कागदोपत्री कार्यालय म्हणतात. हौसेने उडणाऱ्यांची आमची संस्था दरवर्षी थंडीच्या तोंडावर शाळांना आणि शिक्षकांना नियमांतले बदल कळवते. कधी वैद्यकीय दाखल्याचं असतं, कधी वजनाचं, कधी इंधनाच्या डब्यांचं.

"या वर्षी क-क-काय बंद?" फर्गसने विचारलं.

"कुत्र्यांना धावपट्टीवर बंदी."

"आणि मेंढ्यांना?"

"मेंढ्यांचं काही लिहिलेलं नाही."

"मग ठीक."

मी पुढे वाचत गेले. सातव्या कलमाशी आले आणि माझा आवाज आपोआप खाली आला. तिथे लिहिलं होतं की, विमानाचा ताबा देता-घेताना शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने तो तोंडाने, स्पष्ट शब्दांत सांगावा. शिक्षकाने 'ताबा माझा' म्हणावं, विद्यार्थ्याने 'ताबा तुमचा' म्हणून हात सोडावेत. नुसती खूण किंवा स्पर्श पुरेसा मानला जाणार नाही. थंडी संपायच्या आत प्रत्येक शिक्षकाला तपासनीसासोबत उडून हे दाखवावं लागेल. ज्याला जमणार नाही त्याची शिकवण्याची परवानगी थांबवण्यात येईल.

फर्गसने सुरी खाली ठेवली. सुरीला मार्मलेड तसंच होतं आणि टोस्ट अर्धा कोरडा होता. टोस्ट तसाच सोडून तो शेडकडे गेला.

फर्गस टियर्नी लहानपणापासून अडखळत बोलतो. शब्द त्याच्या ओठांशी येतो आणि दारात अडलेल्या बैलासारखा उभा राहतो. 'त' आणि 'क' तर फार छळतात. शाळेत मुलं हसायची, दुकानात लोक घाईने त्याचं वाक्य पुरं करायचे. त्या पुरं करण्याचा त्याला हसण्यापेक्षा जास्त त्रास व्हायचा. त्याने मला लग्नाचं विचारलं ते मेंढ्यांच्या बाजारात, लिलाव चालू असताना. त्याचं विचारून होईपर्यंत दोन कळप विकले गेले. मी थांबले. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये मी आणखी एक वचन दिलं, पण ते मनातल्या मनात. याचं अडलेलं वाक्य आपण कधी पुरं करायचं नाही. बाकीचे नेम आजारपणात चुकले असतील, हा चुकला नाही.

तो उडायला लागला तेव्हाची विमानं म्हणजे नळ्यांवर ताणलेलं कापड. विद्यार्थी पुढे, शिक्षक मागे, दोघंही उघड्यावर. वाऱ्याच्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू यायचं नाही. फर्गस म्हणायचा, तिथे वर सगळेच माझ्यासारखे. विमान आपल्याकडे घ्यायचं झालं की तो विद्यार्थ्याच्या खांद्यावर दोन टिचक्या मारी. पुढे बंद काचेची विमानं आली, शेजारी शेजारी बसायचं आलं, कानांवर बोलण्याची यंत्रं आली. टिचक्या खांद्यावरून मनगटावर आल्या, एवढाच फरक पडला. रेडिओवरचे शब्द त्याला जमतात, कारण ते ठरलेले असतात आणि आधी मनात जुळवून घेता येतात. ताबा घ्यायची वेळ सांगून येत नाही. जमीन समोर येत असते.

परवानगी गेली तरी एकट्याने उडायला त्याला कुणी अडवणार नव्हतं. पण एकट्याने उडण्यात त्याला कधीच गोडी नव्हती. तो उजव्या आसनावरचा माणूस. डाव्या बाजूला कुणीतरी घाबरलेलं, घामेजलेलं बसलेलं असावं आणि हळूहळू त्याच्या खांद्यातला ताठरपणा जावा, हे बघण्यासाठीच तो सकाळी उठतो. ते गेलं तर तो उठून काय करणार, हे मला दिसेना.

व्हितो झानोनला आम्ही त्याच दिवशी सांगितलं. सांगावंच लागलं, कारण व्हितोपासून काही लपत नाही. हा नदीपलीकडचा इटालियन, संत्र्यांचा बागायतदार. बायको गेल्यावर मुलींनी त्याला काहीतरी छंद लावून घे म्हटलं तर हा थेट आमच्याकडे आला. उतरणं-चढणं केव्हाच शिकला, पण फर्गस त्याला एकट्याला सोडत नव्हता. कारण एकच. व्हितो बोलतो. धावपट्टीवर बोलतो, ढगात बोलतो, उतरताना तर फारच बोलतो. फर्गसचं म्हणणं, तो बोलतो तोवर त्याला विमान ऐकू येत नाही. ज्या दिवशी गप्प बसेल त्या दिवशी एकटा जाईल.

"माएस्त्रो, दोन शब्द आहेत हो! दोन!" व्हितोने आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर हात आपटला. "मी दिवसाला दोन हजार फुकट घालवतो. त्यातले घ्या!"

"त्-त्-तू ठेव तुझे."

"चला, सराव करू. ही बशी म्हणजे विमान. मी विद्यार्थी. मी चुकतोय, मी पडतोय, अरे देवा, माझ्या मुली पोरक्या झाल्या, हं, बोला!"

फर्गसने तोंड उघडलं. "त... त... त..." गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. व्हितोने बशी टेबलावर तिरकी करत करत कडेपर्यंत आणली आणि शेवटी सोडून दिली. माझ्या सासूबाईंची बशी होती.

"मेलो," व्हितो हळूच म्हणाला.

फर्गस हसला. मग मी हसले. पण पुढचे कितीतरी दिवस व्हितो येताना नवनवे इलाज घेऊन येई. गाण्यात म्हणा, कुजबुजत म्हणा, तोंडात लिंबाची फोड धरून म्हणा. एकदा म्हणाला, इटालियनमध्ये म्हणून बघा, इटालियनमध्ये कुणी अडखळत नाही. फर्गसने सगळं करून पाहिलं. स्वयंपाकघरात कधी शब्द यायचा, कधी नाही. विमानात एकदाही आला नाही.

तपासनीस म्हणून ब्रॉनविन पॅस्को येणार असं कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. ब्रॉनविन आमच्याच गावची, पाववाल्या पॅस्कोची मुलगी. शाळेतून सुटली की पीठ लागलेल्या हातांनी सायकल हाणत धावपट्टीवर यायची आणि विमान धुऊन द्यायची, बदल्यात फर्गस तिला वर न्यायचा. तिला उडायला त्यानेच शिकवलं. पुढे ती शहरात गेली, शिक्षक झाली, शिक्षकांची तपासनीस झाली, आणि आता संस्थेत नियम लिहिणाऱ्यांत होती. घरचंच माणूस येणार म्हटल्यावर वाटणारच.

ती शुक्रवारी आली. मी दार उघडलं तर तिने आधी नाक वर करून वास घेतला.

"शुक्रवार. म्हणजे अंड्याचं सँडविच."

"आणि भोपळ्याचे स्कोन," मी म्हटलं.

"मिसेस टियर्नी, जग इकडचं तिकडे झालं तरी तुमच्याकडे शुक्रवारी मांस शिजणार नाही." तिने मला मिठी मारली. मग फर्गसकडे वळली. "मिस्टर टियर्नी."

"ब्रॉन. तुझे के-के-केस पांढरे झाले."

"तुमच्याच विद्यार्थिनीचे आहेत. होणारच."

व्हितोही येऊन बसला होता, स्वतः केलेली सलामी, म्हणजे मसाला घालून सुकवलेलं डुकराचं मांस घेऊन. थंडीत त्यांच्याकडे सगळं घर मिळून सलामी भरतात आणि तो दरवेळी ती बरोबर शुक्रवारीच आणतो, आम्हा कॅथलिकांना मांस वर्ज्य असतं त्याच दिवशी. "सिन्योरा, नुसता वास घ्या. वासाला पाप नाही." मी ती फडताळात ठेवली. माझा त्या दिवशी दुपारपर्यंत उपास होता.

ती दोघं वर गेली. व्हितो आणि मी कुंपणाशी उभे राहिलो. ब्रॉनविन डाव्या बाजूला, विद्यार्थिनीचं सोंग घेऊन. फर्गस उजवीकडे. विमानाने एक फेरी घेतली, खाली आलं, धावपट्टीला लागता लागता तिरकं व्हायला लागलं. ती मुद्दाम चुकत होती. मग ते अलगद सरळ झालं, मऊ टेकलं.

"झालं!" व्हितोने माझा हात दाबला. "घेतला ताबा! बघितलंत?"

पण विमान पुन्हा वर गेलं नाही. शेडसमोर येऊन थांबलं, पंखा थांबला आणि कितीतरी वेळ कुणी खाली उतरेना.

उतरल्यावर ब्रॉनविन सरळ माझ्याकडे आली. तिचे डोळे ओले होते आणि ती हसतही होती.

"त्यांना शब्द आला नाही, मिसेस टियर्नी. मी वाट बघत होते. आणि मग मनगटावर टक टक. माझे हात माझ्या आधीच सुटले. मीच नियम लिहिला आणि मीच मोडला."

"म्हणजे विमान तर नीट उतरलं ना," व्हितो म्हणाला. "मग भांडण कशाचं?"

"उतरलं, कारण मला त्यांनी शिकवलंय. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर?"

"दुसऱ्यालाही तेच शिकवतील."

"ऐका, झानोन." ती कुंपणाच्या खांबाला टेकली. फर्गसही तोवर येऊन उभा राहिला होता आणि ती त्याच्याकडे बघतच बोलली. "हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, मिस्टर टियर्नी. मी शिकवायला लागले तेव्हा एक माणूस माझ्याकडे यायचा, शहरातला, दुसऱ्या शाळेत अर्धं शिकलेला. एकदा उतरताना वाऱ्याने आम्हाला उचललं. मी काय केलं असेल? तुमच्यासारख्याच दोन टिचक्या मारल्या त्याच्या मनगटावर. त्याला वाटलं, मी शाबासकी देतेय. तो हसला आणि विमान वळवायचा दांडा आणखी घट्ट धरला. मी इकडे ओढतेय, तो तिकडे. कुंपणात गेलो. त्याचं मनगट मोडलं. ज्यावर टिचकी मारली, तेच."

मोज्यातला वारा पडला होता.

"हॉस्पिटलमध्ये तो मला म्हणाला, तुम्ही किती छान शिकवता, मधे मधे कौतुकही करता. तेव्हा ठरवलं की हा नियम झाला पाहिजे. तुमची टिचकी मला इतकी आवडायची की ती सगळ्यांनाच कळते असं मला वाटलं होतं."

फर्गसने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"तू ब-ब-बरोबर केलंस," तो म्हणाला.

"मला खरं तेच लिहावं लागेल."

"खरं लिही. मी तुला ख-ख-खोटं शिकवलं नाही."

"मी उद्या दुपारी पुढच्या गावाला जातेय. सकाळी आणखी एकदा उडू. पण उद्या मी हात सोडणार नाही, मिस्टर टियर्नी. तुम्ही म्हणेपर्यंत सोडणार नाही. विमान गवतात गेलं तरी."

"सोडू नकोस," फर्गस म्हणाला.

ती गावातल्या मुक्कामाच्या जागी गेली. फर्गस संध्याकाळभर विमानाच्या पंखांच्या कडांवरचे मेलेले किडे फडक्याने पुसत होता. ते काम उडाल्यावर रोजचंच, पण त्या दिवशी त्याने पंखांची खालची बाजूही पुसली. माझ्या मनात ब्रॉनविनबद्दल थोडं कडू आलं होतं, ते मी देवापुढेच ठेवलं. त्याने ते ठेवून घेतलं असावं, कारण झोपताना मला तिची ती पिठाची बोटंच आठवत होती.

आमची जपमाळ पहाटे होते, चहाच्या आधी. लग्न झाल्यापासून मी 'नमो मरिया' सुरू करते, फर्गस 'पवित्र मरिया' म्हणून पुरं करतो. प्रार्थनेत तो कधी अडत नाही. याचं मला कधी कोडं पडलं नाही. देवाजवळ बोलताना अडत नसेल, असंच मी धरून चालले होते. एकदा माझा घसा बसला होता आणि फर्गसला पुढे म्हणावं लागलं, तेव्हा मात्र तो पहिल्याच शब्दाला थांबला आणि आम्ही ती माळ मुक्यानेच ओढली.

त्या शनिवारी बाहेर दाट धुकं होतं. शेड दिसत नव्हती. मी सुरुवात केली, तो पुरं करत होता. माझं मन जपात कमी आणि कानांत जास्त होतं. त्याचा 'प' कसा सरळ येतो, तेच मी ऐकत होते. आणि तेव्हा मला ते ऐकू आलं. टक टक. मग 'पवित्र मरिया.' मी पुढची म्हटली. टक टक. 'पवित्र मरिया.'

तो उजव्या हातात माळ धरतो आणि डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर असतं. बोट दोनदा आपटायचं, मग तो बोलायचा. त्या खुर्चीच्या डाव्या हातावर एक जागा आहे, तिथलं पॉलिश उडून लाकूड पांढरं पडलंय. मला वाटायचं, खिडकीतून ऊन येतं म्हणून. माझ्या घरातला आवाज, रोजचा, देवाच्या नावाइतका रोजचा, आणि मी तो कधी ऐकलाच नव्हता.

माळ पुरी होऊ दिली. मग म्हटलं, "फर्ग, तू बोलायच्या आधी टिचकी मारतोस."

"कु-कु-कुठे?"

"खुर्चीवर. प्रत्येक वेळी."

त्याने त्या पांढऱ्या जागेकडे पाहिलं, मग बोटाकडे. ते दुसऱ्याचं असल्यासारखं.

"मला व-वाटलं, ऊन," तो म्हणाला.

"म्हणून बघ आता. तेच दोन शब्द."

त्याने टिचक्या मारल्या आणि तोंड उघडलं. "त... त... त..." काही नाही. कळल्यावर तर जास्तच अडलं. पाण्यात पडलेलं आपलंच प्रतिबिंब बघून पाय घसरावा तसं झालं. त्याने मान हलवली. मी त्याचं पुरं केलं नाही. बसून राहिले. मग मला सुचलं म्हणा किंवा सुचवलं गेलं म्हणा, मी माळ परत हातात घेतली आणि 'नमो मरिया' सुरू केली. टक टक, 'पवित्र मरिया.' पुन्हा. पुन्हा. बोट आपल्या वाटेने चाललं आणि त्याचं लक्ष बोटावरून उडालं, तशी मी एका मण्याला गप्प राहिले.

टक टक.

"ताबा माझा."

"ताबा तुझा," मी म्हटलं. आमच्या घरात तोंडातून उत्तर आपोआप येतं.

"आमेन," फर्गस म्हणाला, आणि आम्ही दोघं हसायला लागलो. देव रागावला नसेल.

मग आम्ही तेच घोळवत राहिलो. दर चार-पाच मण्यांना एक ताबा. कधी आला, कधी अडला. अडला की तो पुन्हा टिचकी मारायचा आणि पुन्हा म्हणायचा. खिडकीवर कुणीतरी ठोकलं. व्हितो होता, धुक्यातून गाडी हळूहळू चालवत आलेला.

"सिन्योरा, मी जन्माचा कॅथलिक," तो काचेतून ओरडला, "पण ही प्रार्थना मला कुणी शिकवली नाही!"

धुकं उठायला बराच वेळ लागला. ब्रॉनविन आली, चहा पिऊन झाला, आणि आज शनिवार म्हणून व्हितोची सलामी कापली गेली. कुणी कालचा विषय काढला नाही. मोजा दिसायला लागला तशी ती दोघं विमानाकडे गेली.

व्हितो आणि मी पुन्हा कुंपणाशी. तो गप्प होता. मी आधी लक्ष दिलं नाही, कारण माझ्या खिशातल्या माळेवर माझी बोटं होती. विमान एकदा फिरून खाली आलं. पट्टीच्या वर असताना त्याचं नाक भरकटायला लागलं. जरा जास्तच भरकटलं. एक पंख गवताकडे झुकला. मला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मी ऐकत होते. मग विमान सरळ झालं, जोराने गरजलं आणि न टेकता वर निघून गेलं. दुसऱ्यांदा आलं, भरकटलं, लगेच सरळ झालं आणि टेकून पुन्हा उठलं. तिसऱ्यांदाही तसंच. या तिसऱ्या वेळी ते थांबलं.

दोघं चालत आली. फर्गसच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. ब्रॉनविन आपल्या उजव्या हाताची बोटं उघडत-मिटत होती.

"पहिल्या वेळी हे अडकले," ती म्हणाली. "मी दांडा सोडला नाही. मनात म्हटलं, ब्रॉनविन, बोटं मोडली तरी सोडायचा नाही. आणि यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतःच्या गुडघ्यावर टक टक केलं आणि म्हणाले. अडचण नाही, वेळ होता, विमान पुन्हा वर नेलं. तेच करायचं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तर मी चुकायच्या आधीच हे तयार होते." ती फर्गसकडे वळली. "जमलं, मिस्टर टियर्नी. तसं लिहिणार आहे मी. पहिल्या वेळी अडकलात तेही लिहिणार आहे."

"लिही," फर्गस म्हणाला.

"पण टिचकी तर मारलीच की," मी भीत भीत विचारलं. मला पक्कं ऐकायचं होतं. "नियमात..."

"नियमात आहे, खूण पुरेशी नाही. खूण करू नये असं कुठे आहे?" ब्रॉनविन नाक पुसत म्हणाली. "मी लिहिलंय, मला विचारा. आणि स्वतःच्याच गुडघ्यावर माणसाने काय करावं याचा नियम अजून तरी आम्ही काढलेला नाही."

असल्या वेळी व्हितोने काहीतरी बोलायला हवं होतं. आम्ही तिघांनी त्याच्याकडे बघितलं. तो हाताच्या पाठीने डोळे पुसत उभा होता.

फर्गसने त्याला जरा वेळ न्याहाळलं. "चल," तो म्हणाला. "तुझा त-तास आहे."

ती दोघं वर गेली. ब्रॉनविनला पुढच्या गावी जायचं होतं, पण गाडीची किल्ली हातात घेऊन ती तिथेच उभी राहिली. विमानाने फेऱ्या घेतल्या, एकाहून एक सरळ. तिसऱ्या फेरीनंतर ते पट्टीच्या टोकाला थांबलं. पंखा फिरतच होता. उजवीकडचं दार उघडलं.

"अरे," ब्रॉनविन म्हणाली. "एकटा सोडतायत त्याला."

पण फर्गस लगेच उतरेना. एक पाय बाहेर, एक आत, असा तो थांबला. त्यानंतर काय झालं ते मला व्हितोने सांगितलं, आणि मलाच नाही, नदीच्या दोन्ही तीरांना सांगितलं. फर्गस त्याला म्हणाला, ताबा तुझा. गुडघ्यावर टक टक, मग शब्द, एकदम साफ. आता व्हितोने 'ताबा माझा' म्हणायचं आणि फर्गसने उतरायचं. व्हितोने तोंड उघडलं आणि घशातून काही निघेना. सगळी सकाळ त्याच्यात साचली होती, बायको साचली होती, काय काय साचलं होतं. काही सुचेना तेव्हा त्याने हात पुढे करून फर्गसच्या मनगटावर दोन टिचक्या मारल्या.

फर्गसने मान हलवली. "तोंडाने. नियम आहे."

आणि मग तो थांबला. अर्धा दारात, पंख्याचा वारा अंगावर घेत. त्याने व्हितोचं वाक्य पुरं केलं नाही, घाई केली नाही, दुसरीकडे बघितलंही नाही. आम्हाला लांबून एवढंच दिसलं की एक माणूस दारात उभा आहे आणि त्याला कुठे जायचं नाहीये.

"काय करतायत?" ब्रॉनविनने विचारलं.

"वाट बघतोय," मी म्हटलं.

मग व्हितोचे शब्द आले आणि फर्गस उतरला, दार लावलं, वाकून बाजूला झाला. विमान हललं, पळायला लागलं आणि त्याच्याशिवाय वर गेलं. तो गवतात टोपी हातात घेऊन मान वर करून उभा राहिला. आत उजवीकडचं आसन रिकामं होतं, आणि व्हितो सांगतो की त्या सगळ्या फेरीत तो एक शब्दही बोलला नाही.